पुरुषाने रडायचं कुठे?

ओसरी

नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी इथे लिहितोय.

वडील गेले त्याला आता दोन महिने होतील. अंत्यविधी गावीच झाला. ज्यांनी अग्नी दिलाय त्यांना क्रम माहीत आहे. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं, प्रत्येक फेरीला मागून कुणीतरी अश्म्याने मडक्याला भोक पाडायचं, पाणी पाठीवरून सांडत राहतं. तिसरी फेरी झाली की मागे न बघता मडकं टाकून द्यायचं. मग गुरुजी म्हणाले, "आता बोंब मारा." पालथा हात तोंडावर. मी मारली. इतकी, की दोन दिवस घसा बसला होता.

त्यानंतर पाच मिनिटं झाली नसतील. आतून कढ यायला लागला आणि काकांनी दंड धरला. "आवर. आता घरातला कर्ता तू. तूच खचलास तर तुझ्या आईकडे कुणी बघायचं?" आवरलं. तेव्हा आवरलं ते आजपर्यंत. बहीण माजघरात धाय मोकलून रडत होती, चार बायका तिला धरून बसल्या होत्या. तिचं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही, पण तिला रात्री झोप लागते. मला लागत नाही.

मला छळणारा प्रश्न असा आहे. विधीने मला सगळ्या गावासमोर ओरडायची आज्ञा केली, आणि त्याच जागी माझ्याच माणसाने मला गप्प केलं. दोन्ही मी पुरुष आहे म्हणूनच. "पोरींसारखा काय रडतोस" हे आपण पहिलीतल्या पोरालाही ऐकवतो. हे सगळीकडे असंच आहे का? पूर्वीपासून असंच होतं का? इथे निरनिराळ्या देशांत राहिलेले, निरनिराळ्या लोकांत वावरलेले पुष्कळ जण आहेत. तुम्ही काय पाहिलंय ते लिहा. मला खरंच हवं आहे.

हिरवाचाफा

वाचून सुन्न झाले. काळजी घ्या, दादा. झोपेचं मात्र डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

पानगळ

पूर्वीपासून असं होतं का, एवढ्यापुरतं लिहितो.

नव्हतं. ग्रीकांच्या 'इलियड'मध्ये अकिलीससारखा दुसरा योद्धा नाही, आणि त्याच्याइतकं रडणाराही क्वचितच. मित्र मारला गेल्यावर तो मातीत लोळतो, डोक्यावर राख ओतून घेतो. शेवटच्या सर्गात म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाचं प्रेत मागायला एकटा त्याच्या तंबूत येतो. मुलाला मारणारा हाच अकिलीस. आणि ते दोघे शत्रू समोरासमोर बसून रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि मित्रासाठी. त्यात कुणाला काही कमीपणाचं वाटत नाही. रडून झाल्यावर अकिलीस म्हाताऱ्याला हात धरून उठवतो आणि जेवायला घालतो.

'ओडिसी'त मात्र तिढा दिसायला लागतो. परक्या राजाच्या दरबारात गायक ट्रॉयच्या लढाईचं गाणं म्हणतो तेव्हा ओडिसियस अंगावरचं जांभळं वस्त्र डोक्यावरून ओढून घेतो. रडतो, पण यजमानांना दिसू नये म्हणून. आणि पुढे प्लेटो 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात सरळच म्हणतो, की थोर पुरुषांचे विलाप काव्यातून काढून टाका, ते बायकांना आणि हलक्या माणसांना द्या. ज्या गोष्टीवर बंदी घालायला सांगावं लागतं ती लोक करत असतात, म्हणून सांगावं लागतं.

मध्ययुगीन फ्रान्सचं 'रोलांचं गीत' घ्या. त्यातला वीर सरदार रोलां लढाईत पडल्यावर सम्राट शार्लमेन दाढी उपटून रडतो आणि त्याच्याबरोबरचे वीस हजार शिलेदार शोकाने भोवळ येऊन जमिनीवर कोसळतात. आकडा कवीचा आहे हे उघडच आहे, पण तो सैन्याची थोरवी सांगायला वापरलाय.

थेम्सकाठ

मी गेली एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. 'इंग्रज पुरुष रडत नाही' हे इथे येण्याआधी आपण सगळेच ऐकून असतो, आणि ते खूप जुनं असणार असं वाटतं. तसं नाही. १७९१ च्या मे महिन्यात पार्लमेंटमध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवरून एडमंड बर्क आणि चार्ल्स जेम्स फॉक्स यांची कायमची फाटली. बर्कने भर सभागृहात मैत्री संपल्याचं जाहीर केलं आणि उत्तराला उठलेल्या फॉक्सला रडू आवरेना. फॉक्स म्हणजे काही लेचापेचा माणूस नव्हे, त्या काळातला विरोधी पक्षाचा सगळ्यात मोठा नेता.

त्यानंतर जेमतेम ऐंशी वर्षांनी, १८७२ मध्ये, डार्विन भावनांच्या आविष्कारावरच्या पुस्तकात लिहितो, की इंग्रज पुरुष अगदी असह्य दुःखाखेरीज क्वचितच रडतात, युरोपात इतरत्र काही ठिकाणी मात्र पुरुष सहज अश्रू ढाळतात. म्हणजे दोन-तीन पिढ्यांत एका समाजाने आपल्या पुरुषांचे डोळे कोरडे केले. मधल्या काळात निवासी शाळांचं पीक आलं, सात-आठ वर्षांची पोरं घरापासून तोडून तिथे घातली गेली, आणि पुढे त्यांनाच साम्राज्यावर राज्य करायला पाठवलं. आपल्याकडे कलेक्टर म्हणून आलेले साहेब याच मुशीतून निघालेले. आपल्या शाळा, कचेऱ्या आणि पलटणी त्यांनी उभ्या केल्या. 'मर्द रडत नाही' यातला किती भाग आपल्या आजोबांचा आणि किती त्या साहेबांचा, हे कुणीतरी नीट तपासायला हवं. मला यात फार रस आहे.

अमेरिकेत १९७२ मध्ये एडमंड मस्की हे अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत पुढे होते. एका वर्तमानपत्राने त्यांच्या पत्नीबद्दल वाईटसाईट छापलं, म्हणून त्या कचेरीसमोर बर्फ पडत असताना उभं राहून ते बोलले. ते रडले असं छापून आलं. गालावर बर्फ वितळत होता, असं ते सांगत राहिले. मोहीम घसरली ती घसरलीच. आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथे लंडनला फेडररचा शेवटचा सामना झाला तेव्हा तो आणि नदाल एका बाकावर बसून, हातात हात घेऊन, कॅमेऱ्यांसमोर रडले. माझ्या ऑफिसातल्या एकानेही त्याची टिंगल केली नाही. पन्नास वर्षांत एवढं बदललं.

तेरणाकाठ

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. वय झालंय, म्हणून सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. आमचं गाव तिथून जवळ. दगड-मातीची जाड भिंतीची घरं, माणसं झोपेतच गेली. माझे वडील तेव्हा पन्नाशीत होते. आमच्या घरातली दोन माणसं गेली. वडील रडले नाहीत. दिवसभर दगड उपसत होते, शेजारच्यांची माणसं काढत होते, लाकडं गोळा करत होते. पाऊस सुरू झाला, लाकडं पेटेनात, तरी तो माणूस तिथून हलला नाही. तेव्हा त्यांनी अंग टाकलं असतं तर आमच्या आळीतल्या मयतांना अग्नी मिळायलाही उशीर झाला असता.

म्हणून "पुरुष रडत नाही म्हणजे दगड आहे" असं कुणी म्हटलं की मला ते सोसत नाही. आवरणं हीसुद्धा माया असते. ओसरी, तुझे काका बोलले ते चुकलं असं मी म्हणणार नाही.

पण अर्धंच सांगून थांबलो तर खोटं बोलल्यासारखं होईल. पंधराएक दिवसांनी मी रात्री उठलो तर गोठ्यातून आवाज येत होता. आमचा एक बैल वाचला होता. त्याच्या मानेला मिठी मारून वडील हमसून हमसून रडत होते. मी दारातूनच मागे फिरलो. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही. पुढे बावीस वर्षं ते होते, या गोष्टीवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

आत जायला हवं होतं मी.

हिरवाचाफा

काका, तुमच्या शेवटच्या ओळीपुढे मला काही लिहिता येत नाहीये.

वाटसरू

कामानिमित्त तीन वर्षं इराणमध्ये, इस्फहानला होतो. मुहर्रमच्या दहा दिवसांत जे पाहिलं ते या धाग्यासाठीच आहे.

सन ६८० मध्ये करबलाला इमाम हुसैन मारले गेले, त्याचा शोक दरवर्षी. संध्याकाळी लोक जमतात. मद्दाह, म्हणजे शोकगीत म्हणणारा, प्रसंग सांगायला लागतो. तहानलेली मुलं, पाणी आणायला गेलेला अब्बास आणि त्याचे तुटलेले हात. आणि दोनशे-तीनशे पुरुष एका लयीत छाती पिटत ओक्साबोक्शी रडतात. बँकेतला अधिकारी, ट्रकवाला, सैन्यातून सुटीवर आलेला पोरगा, सगळे. मी पहिल्यांदा घाबरलो होतो. आमचा फोरमन सहा फुटी, कारखान्यात कुणाशी हसूनही बोलायचा नाही. त्याचा चेहरा भिजलेला पाहिला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी चाचरत विषय काढला, तर त्यालाच नवल वाटलं. त्याचं म्हणणं असं, की हुसैनसाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही त्याच्या मर्दपणात खोट आहे. लखनौला हेच आहे, फक्त मर्सिया, म्हणजे शोककाव्य, उर्दूत. मीर अनीस (१८०३ ते १८७४) यांच्या मर्सियांनी तिथल्या कित्येक पिढ्यांना रडवलं आहे.

पण म्हणून इराणी पुरुष मोकळेपणाने रडतो असं समजू नका. त्याच फोरमनचा लहान मुलगा कारखान्याच्या दवाखान्यात इंजेक्शन घेताना रडला, तेव्हा बापाने त्याला जे दरडावलं ते आपल्याकडच्या बापाने दरडावावं तसंच. अश्रूंना तिथे एक दार आहे, रुंद आहे, वर्षातून ठरलेल्या वेळी उघडतं. बाकीच्या भिंती आपल्याएवढ्याच जाड.

पानगळ

हे दार महत्त्वाचं आहे. मला वाटतं आपण "कुठल्या संस्कृतीत पुरुष रडतो" असं विचारायला नको, "कशासाठी रडू देतात" असं विचारायला हवं. राजासाठी चालतं, देवासाठी चालतं, देशासाठी आणि आता खेळासाठीही. स्वतःसाठी?

जॅकरांडा

प्रिटोरियाहून. इथल्या खोसा लोकांची गोष्ट सांगते, माझ्या नवऱ्याचे सहकारी खोसा आहेत, त्यांच्याकडून पुष्कळ ऐकलंय.

मुलगा वयात आला की 'उलवालुको'. घरापासून दूर झोपडीत राहायचं, अंगाला पांढरी माती, आणि भूल न देता सुंता. त्या क्षणी तोंडातून आवाज काढायचा तो एकच, "न्दियिन्दोदा", मी पुरुष आहे. नेल्सन मंडेला १९३४ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, यातून गेले. त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की वेदना एवढी होती की तो शब्द उच्चारायला त्यांना क्षणभर उशीर झाला, आणि बाकीची मुलं आपल्यापेक्षा धीट निघाली याची त्यांना लाज वाटली. एवढा मोठा माणूस, साठ वर्षांनी लिहितोय, आणि तो एक क्षण त्याच्या लक्षात आहे.

या परंपरेचा इथे लोकांना अभिमान आहे, आणि बाहेरून येऊन तिला रानटी म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. झोपडीतल्या त्या आठवड्यांत मोठी माणसं मुलांना घर कसं चालवायचं, वाद कसा मिटवायचा हे शिकवतात. पण ईस्टर्न केपमध्ये दर हंगामात काही मुलं दगावतात, हेही खरंच. जखम चिघळते आणि दवाखान्यात जाणं म्हणजे अर्धवट पुरुष ठरणं, म्हणून पोरगा सांगत नाही.

मंडेलांचंच आणखी एक. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात असताना चुनखडीच्या खाणीत वर्षानुवर्षं काम केल्याने, त्या पांढऱ्या दगडाच्या धुळीने आणि झळाळीने, त्यांचे डोळे बिघडले. डोळ्यांतून पाणी येणंच बंद झालं होतं. १९९४ मध्ये, ज्या वर्षी ते अध्यक्ष झाले, डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांच्याजवळ फ्लॅश वापरू नका, असं छायाचित्रकारांना नेहमी सांगितलं जाई. ओसरी, तुमचं वाचताना मला हेच आठवलं.

पळसबन

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. लांब लांबचे देश वाचून छान वाटलं, मी घरचं सांगते.

२०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातले १,१८,९७९ पुरुष. दर चारांत जवळजवळ तीन. आमच्याकडे हे आकडे नसतात, घरं असतात. मी ज्या दारांवर जाते तिथे बाईला विचारलं तर ती सांगते, "ताई, रडू येते, जीव लागत नाही." गड्याला विचारलं तर तो कधीच असं म्हणत नाही. तो म्हणतो, "डोकं जड पडलं." "पोटात आग पडते." "झोप नाही येत." म्हणून मी आता रडू येतं का हे विचारतच नाही. झोप कशी आहे, जेवण जातं का, शेतात जावंसं वाटतं का, एवढंच विचारते. आणि बायकोला वेगळं विचारते की कर्ज किती आहे, कारण निम्म्या वेळा तिला माहीतच नसतं. पुरुषाने घरात कर्जाचा आकडा सांगणं म्हणजे रडण्यासारखंच.

एका घरी म्हातारे वडील म्हणाले, "पोरगा माह्याजवळ आला होता, काही बोलला नाही, नुसता बसून राहिला, मी म्हटलं मर्दासारखा रहा." त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला. ते म्हातारबाबा आता मला दिसले की हात जोडतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

कुणाला गरज असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ओसरी दादा, तुम्हीही लावा. झोप दोन महिने नाही ही साधी गोष्ट नाही.

थेम्सकाठ

पळसबनताई, तुम्ही जे काम करता त्याला नमस्कार.

दगडफूल

संस्कृत शिकवते, त्यामुळे मला भवभूती आठवणारच. आठव्या शतकातला कवी, आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याचं 'उत्तररामचरित' हे नाटक म्हणजे रामाच्या रडण्याचं नाटक आहे. पहिल्याच अंकात भिंतीवरची चित्रं बघताना लक्ष्मण आठवण काढतो, की सीता हरवल्यावर जनस्थानातला तुमचा शोक बघून "अपि ग्रावा रोदित्यपि दलति वज्रस्य हृदयम्", दगडही रडला, वज्राचंही काळीज फुटलं. जनस्थान म्हणजे आपलं गोदाकाठचं दंडकारण्य, परंपरेने नाशिकचा परिसर. रामाला पुरुषोत्तम म्हणतात आणि त्याच्या शोकाने दगडही रडल्याचं कौतुकाने सांगतात. भवभूतीला या दोन गोष्टींत विरोध दिसत नव्हता.

आणि तिसऱ्या अंकात तो एक दाखला देतो, जो मला वर्गात शिकवताना दरवेळी अडखळायला लावतो. "पूरोत्पीडे तडागस्य परीवाहः प्रतिक्रिया." तलाव तुडुंब भरला की पाण्याला वाट काढून देणं हाच त्यावर इलाज. तसं शोकाने भरलेलं काळीज विलापानेच टिकतं. परीवाह म्हणजे सांडवा. सांडवा नसलेलं धरण फुटतं, हे आपल्या गावच्या कुठल्याही पाटकऱ्याला माहीत आहे.

बुक्का

माउली! दगडफूलताई, तुम्ही तळं म्हणालात आणि अंगावर काटा आला.

ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. नामदेवराय तिथे होते आणि त्यांनी ते सगळं अभंगांत सांगितलंय. निवृत्तिनाथ थोरले भाऊ, गुरू, नाथपंथी योगी. ज्याने मन जिंकलं असा माणूस. धाकट्याला आत सोडून शिळा लावायची वेळ आली. आणि नामदेव काय सांगतात, तर निवृत्तिनाथांचं मन काही केल्या राहीना, बांधलेल्या तळ्याचा पाट फुटावा आणि पाणी बारा वाटांनी धावावं तसं झालं. तेच तळं! भवभूतीनंतर पाचशे वर्षांनी, मराठीत, नामदेवांच्या तोंडून.

कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी सोहळ्याचं कीर्तन नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज करतात. मी अकरा वर्षं जातोय. त्या घटकेला मंडपात बघा. पंढरीच्या वाटेवर पंधरा-वीस दिवस ऊनपावसात चालणारे, हाताला घट्टे पडलेले शेतकरी, पागोटी घातलेले म्हातारे, आणि सगळ्यांचे डोळे वाहतायत. सव्वासातशे वर्षांपूर्वीच्या भावाभावांच्या ताटातुटीसाठी. कुणी कुणाला आवर म्हणत नाही. शेजारचा अनोळखी माणूस पाया पडतो, तुम्ही त्याच्या पडता, उराउरी भेटता. आमच्या पंथात बाप्याने फुगडी घालायची, देवाला आई म्हणायचं आणि रडायचं, यात कुणाला वावगं वाटत नाही. पानगळ यांनी विचारलं ना, स्वतःसाठी रडता येतं का. मंडपात कोण कुणासाठी रडतोय हे विठ्ठलालाच ठाऊक. माझा थोरला भाऊ गेला त्या वर्षी मी काही ज्ञानोबांसाठी रडत नव्हतो.

वाटसरू

फोरमनलाही हेच लागू पडतं. त्याचा भाऊ इराक-युद्धात गेला होता, हे मला नंतर कळलं.

दगडफूल

ओसरी, एक विचारू? मडक्याला भोक कुणी पाडलं होतं?

ओसरी

तीन दिवस इकडे फिरकलो नव्हतो. सगळं आज एका बैठकीत वाचलं, काही दोनदा.

दगडफूलताई, काकांनी. तुम्ही विचारलंत आणि मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. अश्मा त्यांच्या हातात होता. माझ्या पाठीमागून ते चालत होते आणि माझ्या शर्टावरून पाणी वाहत होतं. मडक्याला वाट करून देणारा आणि मला आवर म्हणणारा माणूस एकच. आणि तो मेलेल्याचा धाकटा भाऊ आहे. या दोन महिन्यांत मला शंभर माणसांनी भेटून धीर दिला, आईला दिला, बहिणीला दिला. काकांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नाही. अकराव्या-बाराव्याला ते वाढप्यांच्या मागे पळत होते, मंडपवाल्याचा हिशेब करत होते.

पळसबनताई, काल नंबर लावला. पंधरा मिनिटं बोललो. परत बोलायचं ठरलंय.

तेरणाकाठ काका, तुमच्या गोठ्याच्या दारातून मी काही हलू शकलेलो नाही. म्हणून आज सकाळी काकांना फोन केला. काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं. त्यांनी फोन उचलला, मी "काका" एवढंच म्हणालो आणि पुढे शब्द फुटेना. तिकडूनही काही नाही. नुसता श्वास. मग खाकरून म्हणाले, "रविवारी येतोस का? विहिरीवरची मोटर जळालीय, एकट्याच्याने वर काढता येत नाही."

शनिवारी रात्रीच निघतोय.